तीन मायक्रॉन

खिडकीतल्या फळीवर अप्पांनी मांडून ठेवलंय.
पाहुणे हात जोडायला जातात.
देव आत आहेत, आई सांगते. ही फळी वेगळी.

रेडिओचं बटण, तपकिरी, टवका उडालेलं.
रेडिओ शहापुरातल्या मागवाल्या पोट्यांचा.
सत्तावन्न साली रशियाचा गोळा वरून जाणार होता,
बीप बीप करत.
आजोबा वडगावाहून सायकल मारत गेले.
पाच मिनिटं सगळे माग बंद ठेवले, पोट्यांनी, मजुरी कापून.
आली ती नुसती खरखर.
आजोबा मरेपर्यंत सांगत राहिले, ऐकली म्हणून.
अप्पांनी बटण मागून आणलं ते
रेडिओ भंगारात गेल्यावर.

घंटा शेळीची.
स्कायलॅब डोक्यावर पडणार, असं कडोलीत ठरलं तेव्हा
आत्ती म्हणाली, मरायचंच तर हिला कुणासाठी राखायची?
गल्ली जेवली. रस्सा पुरला नाही, पाणी वाढवलं.
दुसऱ्या दिवशी ती ऑस्ट्रेलियात पडली.
घंटा राहिली, आणि मसाल्याची उधारी, सत्तावीस रुपये.
अंतराळावर आमच्या घरानं केलेला पहिला खर्च,
अप्पा म्हणतात. हसत नाहीत म्हणताना.

आणि कडं.

उद्यमबागेत एकतीस वर्षं लेथवर,
पंपाची शाफ्टं, उसाच्या चरकाचे बुश,
सुताच्या हिशेबात गेलं आयुष्य.
मग हत्तरगीकडच्या नव्या कारखान्यात बोलावलं.
तिथं ड्रॉइंगवर नाव नसतं. नंबर असतो.
कुठं बसतं हे विचारायचं नाही, सहीच घेतात तशी.
पण रात्रपाळीत सगळ्यांना ठाऊक असतं
कशासाठी एवढ्या जपून हात धुवायचे.

मी त्याच कारखान्यात, काचेच्या खोलीत.
वीस अंश, ना कमी ना जास्त.
अठ्ठेचाळीस कडी आली, अप्पांच्या मशीनवरची.
सत्तेचाळीस बसली.
अठ्ठेचाळिसावं तीन मायक्रॉन वर.
केस उभा चिरा वीस-बावीस वेळा,
त्यातली एक फाक.

काचेपलीकडं अप्पा उभे होते, टोपी हातात.
आतून मला ऐकू येत नव्हतं,
ओठ कळले:
काय बघूलीस एवढं?
मी परत मोजलं.
परत मोजलं.
बसवण्णी करवतीपाशी थांबला होता.
नाकारलेला माल कापायचाच, नियम आहे,
चुकून कुणी बसवू नये म्हणून.
आग्ताद काय, अक्का?
आगल्ल, मी म्हणाले.
कन्नडात सोपं गेलं.

बसमध्ये अप्पा गोकाकच्या कर्दंटाचा भाव बोलत बसले.
काकतीचा फाटा आल्यावर विचारलं,
व्हर्नियरनं बघितलीस काय मशीननं?
मशीननं.
मग खरं, म्हणाले,
आणि पिशवीतून ते कापलेलं कडं काढून
मांडीवर ठेवलं.
मॅनेजरकडं मागून घेतलं होतं.

वर्षानं उड्डाण बघितलं, मोबाइलवर, तिघं एकाच उशीला टेकून.
ते आमच्या कड्यांचं असेल, नसेलही.
दोन मिनिटांनी खालचा टप्पा सुटला.
आपलं असलं तर यातच होतं, मी म्हणाले.
कुठं जातंय ते?
समुद्रात.
अप्पा नखातलं ग्रीस काडीनं काढत होते.
बराच वेळ काढत राहिले.
म्हणजे सत्तेचाळीस बुडाली.
एक तू वाचवलंस की.

कापलेलं कडं वाजत नाही.
टिचकी मारून बघा, लाकडासारखं बोलतं.
त्याच्या फटीत आई विजेचं बिल खोचते,
हेस्कॉमचं, सगळं कन्नडात.
अप्पा चष्मा लावून
आकडे तेवढे वाचतात.